बोटभर कमी

नकाशेवाल्यांचं ऑफिस म्हणजे काही काचेची इमारत नव्हती. राहत्या घराची रस्त्याकडची खोली, एवढंच. दोन टेबलं, नकाशे छापायचं एक लांबलचक मशीन, जे चाललं तर स्वतः कुरकुरायचं आणि नाही चाललं तर घरातली माणसं कुरकुरायची. कोपऱ्यात कागदाच्या गुंडाळ्या उभ्या केलेल्या, खिडकीत फरशांचे नमुने, आणि वरच्या फळीवर पुठ्ठ्याची छोटी छोटी घरं. त्यातली निम्मी कधी बांधलीच गेली नाहीत. मुकादमीण रोज त्यांच्यावरून फडकं फिरवायची आणि म्हणायची, "हीच बरी. ना गळतात, ना भाऊबंदकी करतात."

मुकादमीण म्हणजे या घरातली म्हातारी. नवरा नकाशेवाला, लेक नकाशेवाला, सून आणली तीही नकाशेवालीच. स्वतः म्हातारीने शाळा पाहिली ती जेमतेम अक्षर लागेपर्यंत. पण तिघांवर मुकादमी केली ती तिनेच, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. तोंडावर सगळे 'आई' म्हणत. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचं जास्त आवडत होतं.

कामं म्हणाल तर गल्लीतलीच. कोणाची न्हाणी मोठी करायची, कोणाची गॅलरी बंद करून पोराला अभ्यासाला जागा काढायची, दोघा भावांचं पटेना म्हणून एका घराची दोन करायची. "मोठे बंगले बांधणारे वेगळे," तिचा नवरा म्हणायचा, "आपण लोकांच्या अडचणी सरळ करणारे." तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची खुर्ची आतल्या दाराशी होती, तिच्यावर आता मुकादमीण बसायची. येणाऱ्या माणसाला चहा द्यायचा की नुसतं पाणी, हे तिथून ठरायचं.

घर मोजायचं म्हणजे दोन माणसं लागतात. एकाच्या हातात टेपची डबी, दुसऱ्याच्या हातात टेपचं टोक. टोकवाल्याने पलीकडच्या खोलीत जायचं, भिंतीला टोक दाबायचं आणि ओरडायचं, "धरलंय!" मग डबीवाल्याने आकडा वाचायचा. मधे दारं, कपाटं, कोणाची तरी आजारी आत्या. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. टेप ताठ झाली आणि आवाज आला, की पलीकडे आपलं माणूस आहे असं समजायचं. "संसार तरी याहून वेगळा कुठे असतो?" मुकादमीण म्हणायची. नवऱ्याच्या उमेदीत टोक तिने धरलं होतं. आता सून धरायची.

सून बारीक अंगाची, कमी बोलणारी. ऑफिसात ऊन येत नसे म्हणून बारा महिने तिच्या अंगात मोहरीच्या रंगाचा स्वेटर. सासूनेच विणलेला. डाव्या बाहीत, मनगटाच्या जरा वर, एक टाका उलटा पडला होता. पूर्ण झाल्यावर ते ध्यानात आलं आणि मुकादमिणीच्या जिवाला लागून राहिलं.

"आण इकडे तो. उसवून नीट करते. लोक म्हणतील मुकादमिणीला विणता येत नाही."

"राहू द्या, आई," सून म्हणायची. "त्याच्यावरून कळतं, तो माझा आहे."

आणि मोजून झालं की कुठलंच घर जुळत नसे. खोल्यांची बेरीज एक सांगायची, बाहेरची भिंत दुसरंच. जुन्या भिंती पोट सुटल्यासारख्या, कोपरे तिरके. फरक यायचा बोटभर, फार तर दोन बोटं. त्यावर म्हाताऱ्याची रीत ठरलेली होती. उरलंसुरलं वाटून टाकायचं. या खोलीतून केसभर, त्या खोलीतून नखभर, कोणाला दुखणार नाही असं. कागदावर घर चोख बसायचं. "घर जुळत नसतं, जुळवावं लागतं," तो म्हणायचा. सगळेच नकाशेवाले थोडंफार असं करतात. लेकाने बापाची रीत पुढे चालवली, एवढंच.

त्या हिवाळ्यात समोरच्या मास्तरीणबाई आल्या. शाळा सोडून वर्षं झाली तरी वर्गात शिरल्यासारख्या शिरत.

"तुमच्या नकाशात कपाट बसतं," त्या दारातूनच म्हणाल्या. "माझ्या खोलीत बसत नाही. बोटभर कमी पडतं."

"कपाट फुगलं असेल," मुकादमीण खुर्चीतून म्हणाली. "थंडीत सगळंच फुगतं. माणसंसुद्धा."

"लोखंडाचं कपाट फुगतं होय?"

"मग चष्मा पुसून बघा."

लेक हसला, टेप घेऊन गेला आणि मोजून आला. येताना हसत नव्हता. खोली खरंच बोटभर कमी होती. मग दवाखान्याचा कंपाउंडर आला. रोगी निजवायचा पलंग भिंतीला अडत होता, दार पुरतं उघडेना. मग ते दोघे भाऊ आले, वेगवेगळ्या वेळी. दोघांचंही म्हणणं, भिंत बांधताना दुसऱ्याने आपली बोटभर जागा खाल्ली.

"सगळीकडे बोटभरच कसं कमी पडतं?" लेक म्हणाला.

"आपणच वाटलेलं असेल," सून म्हणाली आणि हसायला लागली. मग मधेच थांबून तिने मास्तरीणबाईंचा नकाशा पुन्हा उलगडला.

मुकादमिणीचे गुडघे त्याच सुमारास बोलायला लागले होते. निजायच्या खोल्या वर, जिना उभा. उतरताना ती कठड्याला शिव्या देत उतरायची. एके दिवशी लेक म्हणाला, "आई, तुझ्यासाठी खालीच खोली काढतो. स्वयंपाकघराशेजारी. न्हाणी जोडून."

"मला काय करायचीय खोली? एकदा चौघांच्या खांद्यावरून उतरेनच की जिना."

"खिडकीसकट काढतो."

मनातून तिला खोली हवी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून हवी होती. जिचं दार आतून लावता येईल, खिडकीपाशी बसून विणता येईल आणि कोणी विचारणार नाही काय करतेस, अशी. "काढायचीच असेल तर खिडकी रस्त्याकडे नको," ती शेवटी म्हणाली. "मास्तरीणबाईंचं तोंड सकाळीच नको."

गंमत अशी, की या घराचा नकाशाच नव्हता. गल्लीतली एकूण एक घरं त्यांच्या कपाटात गुंडाळून ठेवलेली, आणि आपलं घर कोणी कधी मोजलं नव्हतं. दिव्याखाली अंधार.

घर लांबट होतं. पुढे ऑफिस, मागे स्वयंपाकघर, आणि मधे त्यांना जोडणारी अरुंद बोळकांडी. तिला ना दार ना खिडकी, दोन्हीकडे नुसत्या भिंती. खाली एक जाड पट्टा अंथरलेला, मुकादमिणीने स्वतः कापून या उंबऱ्यापासून त्या उंबऱ्यापर्यंत बरोब्बर बसवलेला.

नवरा-बायकोने आधी बाहेरून मोजलं, शेजारच्या घराच्या आणि आपल्या घराच्या मधल्या सांदीतून. मग आतून मोजलं. दुपारभर दोघांची कुजबुज चालली होती.

"काय झालं?" मुकादमिणीने विचारलं.

"आतून जास्त भरतंय," लेक म्हणाला.

"मग चांगलंच की."

"चांगलं नाही गं आई. भिंतींची जाडी धरून आतून कमीच भरायला हवं. ही म्हणजे पिशवीपेक्षा पिशवीतलं सामान मोठं, अशातली गत झाली." तो बायकोकडे वळला. "तू टोक नीट धरत नाहीस."

"धरलं होतं."

"ढिलं धरलं असशील."

"तू ये आणि धर मग!" ती कधी आवाज चढवत नसे. मुकादमिणीने हातातली सुई थांबवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. आदल्या दिवशीपेक्षा जास्त भरलं.

"वाटून टाकू ना," सून म्हणाली. "बाबा टाकायचे तसं."

"बोटभर वाटतात. हातभर कसं वाटू?"

पुढचे काही दिवस त्या घरात कोणी मोकळेपणाने बोललं नाही. मुकादमिणीला मात्र दुसरंच खटकत होतं. स्वयंपाकघरातून चहा घेऊन ती ऑफिसात पोचेपर्यंत चहावर साय धरत होती. कपाला हात लावावा तर कोमट. आधी तिने दुधाला दोष दिला, मग गुडघ्यांना. मग एका सकाळी बोळकांडी झाडताना तिला दिसलं, की पट्टा उंबऱ्याला पोचत नाही. स्वयंपाकघराच्या बाजूला उघडी फरशी राहिली होती.

"हा पट्टा कोणी गरम पाण्यात घातला?"

"कोणी नाही, आई," सून म्हणाली.

"मग काय मी बोलले म्हणून आक्रसला?"

सून उघड्या फरशीकडे बघत होती. तिथे पाय न ठेवता, मोठी ढांग टाकून ती पलीकडे गेली.

त्यानंतर मुकादमीण चहा घेऊन जाताना भिंतीकडे बघायला लागली. भिंत पांढरी होती, निदान तिच्या माहितीत तरी. पण मध्यावर आलं की पांढऱ्यात उभ्या चिरोट्या, रंगाच्या अरुंद पट्ट्या, दिसत. बोटबोटभर रुंद, जमिनीपासून छतापर्यंत, एकीला एक चिकटून. एक हिरवी, तेलकट. तो दवाखान्याचा हिरवा होता. एक फिकट निळी, तिच्यावर खडूचा पुसट डाग. तो निळा तर ती रोज समोरच्या खिडकीतून बघायची. एका चिरोटीवर फुलांच्या कागदाची अर्धी पाकळी होती. त्या दोघा भावांतल्या थोरल्याच्या बायकोने तो कागद हौसेने लावला होता. ज्या घरी ती बारशाला गेली होती, त्या घराचाही रंग तिथे होता, आणि बाळाच्या पावडरीचा वास. पुढच्या पावलाला स्पिरिटचा. त्याच्या पुढच्या पावलाला कोणाच्या तरी बंद माळ्याचा, धुळीचा.

गल्लीतलं प्रत्येक घर तिने आतून पाहिलं होतं. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

तिच्या हातून ट्रे पडला नाही, की ती किंचाळली नाही. चहा नेऊन दिला. संध्याकाळी भाजी निवडताना सुनेजवळ बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "बोळकांडीत रंग कोणी काढलेत?"

सुनेचे हात थांबले. "तुम्हालाही दिसले?"

"मला मोतीबिंदू असेल. तुला काय झालं?"

"आई, खोली नको करूया."

एवढंच ती म्हणाली. मुकादमीण नेहमीसारखीच म्हणाली, "म्हातारीला जागा द्यायची वेळ आली की सगळ्यांना भुतं दिसतात."

सून पुन्हा त्याबद्दल बोलली नाही.

लेकाने मग लाल ठिपक्याचं यंत्र काढलं. ते भिंतीवर ठिपका टाकतं आणि आपलं आपण अंतर सांगतं. ऑफिसाच्या उंबऱ्यात उभं राहून त्याने ते बोळकांडीत रोखलं. मुकादमीण समोर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आई, ठिपका कुठे पडला बघ."

तिने स्वतःकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं. ठिपका कुठेच नव्हता. यंत्राने आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दाखवल्या.

"बिघडलंय," लेक म्हणाला. पण त्याच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत कोरा प्लॉट बघितला की यायची, तसली. "आई, जागा आहे इथे. मधेच कुठेतरी अख्खी खोली बसेल एवढी. बाहेरून एक वीट हलवायला नको."

"जी जागा आपली नाही, ती कशाला?"

"कोणाची आहे मग?"

त्याच दुपारी आणखी एक झालं. लेक ऑफिसात डबी घेऊन बसला होता. सुनेने टोक नेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लावलं, तेवढ्यात मागच्या दारी भाजीवाली ओरडली. सून टोक तिथेच टाकून बाहेर आली. मुकादमीण आणि ती, दोघी मागच्या दारात पिशवी धरून उभ्या होत्या.

आणि आतून आवाज आला, "धरलंय!"

आवाज सुनेचा होता.

सुनेने सासूचा हात घट्ट पकडला. पिशवीतले बटाटे घरंगळत पायरीवरून खाली गेले. ऑफिसातून लेकाने आकडा वाचलेला ऐकू आला, अगदी समाधानाने. "शाब्बास! आज कशी नीट धरलीस."

"मी इथे आहे," सून म्हणाली. पण ते इतक्या हळू, की सासूशिवाय कोणाला ऐकू जाणार नव्हतं.

दोघींनी त्याला सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि कागदावर पेन्सिलीने रेघ ओढत होता. "बोळकांडीत आवाज घुमतो," तो म्हणाला. "मोजल्याशिवाय कसं कळणार? एकदा शेवटचं मोजू. मग तुम्ही म्हणाल तर सोडून देऊ."

"मी नाही जाणार," सून म्हणाली.

तेव्हा मुकादमीण म्हणाली, "तुझ्याच्याने होत नसेल तर मी धरते. एवढी वर्षं मीच धरत होते."

ती चिडून म्हणाली की सुनेला वाचवायला म्हणाली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या तोंडून गोड शब्दसुद्धा टोमण्यासारखा बाहेर पडायचा. सुनेने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग स्वेटरची बाही मनगटापर्यंत ओढली आणि टेपचं टोक डाव्या हातात घेतलं.

दुपार टळत आली होती. मुकादमीण मागून सांदीतून जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. गॅसवर दूध होतं. बोळकांडीच्या त्या टोकाला, ऑफिसाच्या उजेडात, सुनेने पट्ट्यावर पाऊल ठेवलं आणि ती सासूच्या दिशेने चालायला लागली.

मुकादमीण बघत होती. सून चालत होती. पावलं पडत होती, टेप मागे सरसरत होती.

ती चालत होती, पण मोठी होत नव्हती.

"चल लवकर," मुकादमीण म्हणाली. "इकडे ये. माझ्याकडे बघ."

सुनेने मान वर केली. ती हसली असावी. तोंड एवढं लहान दिसत होतं की खात्री देता आली नसती.

दूध वर आलं. फस्सकन आवाज झाला. मुकादमिणीने वळून गॅस बंद केला आणि ती लगेच परत फिरली.

बोळकांडी रिकामी होती. मधोमध टेप ताठ ताणलेली होती.

"धरलंय!"

लांबून आला आवाज. विहिरीच्या तळाशी कोणी उभं असावं तसा.

"किती लांब गेलीस?" ऑफिसातून लेक ओरडला. "टेप संपली!"

"धरलंय!"

मुकादमिणीने बोळकांडीत पाऊल टाकलं नाही. ती मागच्या दाराने बाहेर पडली, सांदीतून भिंतीला धरत, फुटक्या कुंड्यांना ठेचकाळत पुढच्या दारी आली. लेक उंबऱ्यात उभा होता. दोन्ही हातांनी डबी धरलेली, चेहरा पांढराफटक.

"ती तुझ्याकडे नाही आली?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

त्याने हाका मारल्या. लग्नाआधी मारायचा त्या नावाने हाक मारली. आतून तेवढंच उत्तर, तेवढ्याच सुरात. मग त्याने डबी आईच्या हातात दिली.

"तू धर. मी टेप धरूनच जातो, चुकणार कसा?"

"जाऊ नकोस रे."

"ती आत आहे, आई."

तिने डबी दोन्ही हातांनी धरली.

"तू फक्त सोडू नकोस," तो म्हणाला.

"मी आजवर काही सोडलंय?" ती म्हणाली.

टेपवरून बोटं फिरवत तो गेला. आधी पाठ दिसली, मग पाठीचा नुसता ठिपका. मग टेपच तेवढी.

"आई!" त्याचा आवाज आला. घाबरलेला नव्हता. "इथे खोली आहे!"

"परत ये!"

"खिडकीपण आहे, आई! चांगली मोठी!"

"मला नको खिडकी! दोघं परत या!"

"आलोच. एवढं मोजतो."

मग दोन आवाज आले. एक त्याचा, एक तिचा. एकापाठोपाठ एक.

"धरलंय."

"धरलंय."

त्यानंतर आवाज नाही.

मास्तरीणबाई आल्या, गल्ली आली, पोलीस आले. सगळे बोळकांडीतून इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. चार ढांगांची वाट. भिंती पांढऱ्या. टेप पट्ट्यावरून सरळ जात होती आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, फरशी आणि भिंतीच्या मधल्या सांध्यात शिरत होती. गवंड्याने छिन्नीने तिथली फरशी उचकटली. खाली माती होती. टेप मातीत उतरली होती, ताठ. तो आणखी खणायला लागला तशी मुकादमीण ओरडली, आणि तो थांबला.

"दोघं कुठेतरी निघून गेले असतील," पोलीस म्हणाला. "घरात काही भांडण?"

"नवरा-बायको दोघंच मिळून पळून जातात होय रे कधी?" ती म्हणाली. "पळून जायचं तर दुसऱ्याबरोबर जातात." दारातलं कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

तिने खुर्ची उंबऱ्यात आणवली. डबी मांडीवर. एका हाताने जेवायची, एका हाताने धरायची. डबी कशाला तरी बांधून ठेवा, असं मास्तरीणबाईंनी चारदा सुचवलं.

"बांधलेल्याला काय कळतं, पलीकडून ओढतंय का ते?"

"ओढतं?"

"मधूनमधून."

हिसका नव्हे, हलकी ओढ. झोपलेलं पोर आपलं बोट धरतं तेवढी. मग ती आपल्याकडून तेवढंच ओढायची आणि रिकाम्या बोळकांडीत सांगायची, "धरलंय गं. धरलंय रे." ज्या सुनेला आयुष्यात कधी लाडाने हाक मारली नाही, तिला आता दिवसातून कितीदा तरी. मास्तरीणबाई डबा आणायच्या, बसायच्या, भांडण उकरून काढायचा प्रयत्न करायच्या. मुकादमीण भांडत नव्हती. गल्लीला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली. फळीवरच्या पुठ्ठ्याच्या घरांवर धूळ बसली. आपल्यामागे हे कोण धरणार, हा एकच विचार तिला खायचा. विचारावं असं कोणी उरलं नव्हतं.

थंडी सरायला आली होती. भर दुपारी, डोळे टक्क उघडे असताना, टेप सैल झाली.

मग ती परत आली. सळसळत, पट्ट्यावरून नागमोडी उड्या मारत, एका दमात सगळी डबीत शिरली. टोक तिच्या अंगठ्यावर आपटलं, रक्त आलं. टोकाला काही नव्हतं. पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ.

तिने सोडलं नव्हतं. हे तिने नंतर विचारणाऱ्यालाही सांगितलं आणि न विचारणाऱ्यालाही. सुटलं ते तिकडून.

बऱ्याच वेळाने ती उठली. बोळकांडीतून चालत स्वयंपाकघरात गेली. पट्टा या उंबऱ्यापासून त्या उंबऱ्यापर्यंत बरोब्बर बसला होता. तिने चहा केला, कप घेऊन ऑफिसात आली, घोट घेतला. जीभ भाजली. चहा इतका गरम होता, की तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई लगबगीने आल्या. दुःखाच्या घरात हसू नये म्हणून त्यांनी ओठ आवळून धरले होते.

"कपाट बसलं हो," त्या म्हणाल्या. "काल दुपारी सहज सरकवलं, तर चपखल बसलं. तुमच्या लेकाचा नकाशा बरोबर होता. म्हटलं, तुम्हाला सांगावं. चला, बघायला तरी या. किती दिवस उंबरा ओलांडला नाहीत."

मुकादमीण गेली. नकाशा बरोबर होता, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

कपाट खरंच बसलं होतं. भिंत निळी, कोपरा सरळ. फक्त कोपऱ्यात, कपाटाच्या कडेला लागून, एक चिरोटी वेगळ्या रंगाची होती. बोटभर रुंद. जमिनीपासून माणसाच्या खांद्याएवढी उंच.

"ओल आलीय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मोहरीचा रंग आहे की नाही? आणि गंमत बघा, गिलाव्यावर वीण उमटल्यासारखी दिसते. दवाखान्यातही आलीय म्हणे. त्यांच्याकडची काळी, केसांसारखी. त्या भावांकडे तर दोघांच्याही भिंतीला. घरोघरी बोटबोटभर."

मुकादमिणीने चष्मा लावला. बोट टेकवलं आणि हळूहळू खाली आणलं. सुलट, उलट, सुलट, उलट. ओळीखाली ओळ. तिचा हात अशा विणीवरून अंधारातही चालला असता. मनगटाच्या उंचीला आल्यावर बोट अडलं.

तिथे एक टाका उलटा पडला होता.

"उद्या रंगारी येतोय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "म्हटलं, खरवडूनच घ्यावं."

"राहू द्या," मुकादमीण म्हणाली. "त्याच्यावरून कळतं…"

तिच्या बोटाखाली वीण कोमट होती. ती हलकेच वर आली, जरा थांबली, आणि खाली गेली.